शब्दचर्चा: ‘शर्करा-चयापचयातील बिघाड’ याला लोकांच्या मराठीत काय म्हणावं?

चोपडेकर

मंडळी, एका वाक्यात अडकलोय. चोपडा-अमळनेर भागातल्या कॅन्सर रुग्णांच्या घरच्यांसाठी आम्ही काही जण चार पानी पत्रक काढतोय. मजकूर डॉक्टरांनी दिलाय, भाषा सोपी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वाक्य असं: ‘कर्करोगाच्या पेशींमधील शर्करा-चयापचयातील बिघाडामुळे अर्बुदाच्या वाढीस चालना मिळते.’

व्याकरणात खोट नाही. पण कच्चा मजकूर ओट्यावर बसून चार जणांना वाचून दाखवला, तर एक आजी लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे कॅन्सरले साखर लागस. मंग गोड बंदच करी टाकू?’ बाकीच्यांनीही माना डोलावल्या. डॉक्टरांना हे मुळीच सांगायचं नव्हतं.

तर ‘चयापचय’ ठेवावा का? ‘बिघाड’ बरोबर आहे का? ‘शर्करा’, ‘साखर’, ‘ग्लुकोज’ यांतलं काय घ्यावं? आणि ‘अर्बुद’ म्हणजे गाठ, हे कुणाला कळतं का हो?

शब्दवेडी

चयापचयापासून सुरुवात करते. ‘चय’ म्हणजे रचणं, साठवणं. ‘संचय’, ‘समुच्चय’ यांत तोच ‘चि’ धातू आहे. ‘अपचय’ म्हणजे झीज, मोडतोड. जीवशास्त्रात लहान रेणू जोडून मोठे बांधणं तो चय, आणि मोठे मोडून ऊर्जा काढणं तो अपचय. दोन्ही मिळून चयापचय. हिंदीवाले ‘उपापचय’ म्हणतात.

लोकांचा घोटाळा होतो तो कानात. ‘चयापचय’ म्हटलं की ‘पचन’ ऐकू येतं आणि ‘अपचय’चं सरळ ‘अपचन’ होतं. मग ‘चयापचयातील बिघाड’ म्हणजे पोट बिघडलं, आणि पोट बिघडलं की पथ्य! पचनातला ‘पच्’ धातू निराळा, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. अन्न पोटा-आतड्यात पचतं, चयापचय मात्र पेशीपेशीत चालतो, आपण झोपलो तरी चालतो.

लिंगही बघून घ्या. संचय, क्षय, अपचय हे सगळे पुल्लिंगी, म्हणून ‘तो चयापचय’. छापील मजकुरात ‘चयापचय बिघडलं’ आणि ‘बिघडली’ दोन्ही दिसतं. दुसरं रूप बहुधा ‘क्रिया’ मनात धरून येत असावं.

प्रयोगशाळेतली

मी जळगावात आहे, विषय बायोकेमिस्ट्री. माझी हरकत ‘बिघाड’वर आहे. हा शब्द शंभर वर्षं जुन्या समजुतीतून आलाय.

ओटो वॉरबर्ग हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ. १९२०च्या दशकात त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन मोजमाप केलं. गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर घेत होत्या आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकत होत्या. यात नवल काय, तर ऑक्सिजन हाताशी असताना हे चाललं होतं. ऑक्सिजन कमी पडला की असं होतं हे ठाऊक होतं, पळताना आपले स्नायू तेच करतात. पण ऑक्सिजन भरपूर असताना कशाला? वॉरबर्गनी अर्थ लावला की या पेशींचं श्वसनच मोडलंय. पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, नादुरुस्त झाल्यात आणि कॅन्सरचं मूळ तिथेच आहे. शेवटपर्यंत त्यांचं मत हेच राहिलं.

निरीक्षण आजही खरं आहे, त्याला ‘वॉरबर्ग परिणाम’ म्हणतात. अर्थ मात्र टिकला नाही. बहुतेक कर्कपेशींच्या तंतुकणिका शाबूत असतात आणि कामही करतात. म्हणजे यंत्र मोडलेलं नाही, ते वेगळ्या कामाला जुंपलंय. म्हणून ‘बिघाड’ नको.

जाता जाता एक. ‘१९३१ साली वॉरबर्गना कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, पण जगापासून ते लपवून ठेवलं’ असा मेसेज सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला असेल. १९३१चं नोबेल त्यांना मिळालं हे खरं, पण ते श्वसनातल्या एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. पत्रकात वॉरबर्गचं नाव घालू नका, वाचणारा त्या मेसेजकडेच जाईल.

धुळेकर नाना

ताई, बिघाड नाही तर मग काय? ‘बदल’ म्हटलं तर मिळमिळीत होतं. बदल तर वयानेही होतो. आणि मला कळत नाही, की जाळून जास्त ताकद मिळत असताना पेशी अर्धवट का सोडेल? तोट्याचा धंदा नाही का हा?

प्रयोगशाळेतली

नाना, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळत होता. आकडे बघा. ग्लुकोजच्या एका रेणूचे पेशीत आधी दोन तुकडे होतात, शालेय पुस्तकात याला ‘ग्लुकोज-विघटन’ म्हणतात. इथे निव्वळ मिळकत २ एटीपी (एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन). पुढे तेच तुकडे तंतुकणिकेत पूर्ण जळले तर एकूण ३० ते ३२. (जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ असतात.) म्हणजे नुसत्या ऊर्जेचा हिशोब धरला तर तोटाच.

पण दुपटीने वाढणाऱ्या पेशीला फक्त ऊर्जा पुरत नाही, मालही लागतो. एका पेशीच्या दोन करायच्या म्हणजे डीएनए दुप्पट, पेशीपटलाची चरबी दुप्पट, प्रथिनं दुप्पट. त्यासाठी कार्बन लागतो, आणि ग्लुकोज पूर्ण जाळलं की कार्बन डायऑक्साइड होऊन तो सगळा उडून जातो. म्हणून या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात आणि वाटेतल्या टप्प्यांवरूनच थोडं थोडं काढून घेतात. एका फाट्याने रायबोज ही डीएनए-आरएनएसाठी लागणारी शर्करा तयार होते, एकाने सेरीन हे अमिनो आम्ल, एकाने चरबीचा सांगाडा. शब्दवेडी म्हणाल्या त्याच भाषेत सांगायचं तर अपचयाच्या वाटेवरचा माल चयाकडे जातो.

धुळेकर नाना

आता डोक्यात आलं. मग ‘वळवणं’ म्हणा की! आमच्या पांझरेवर फडाची शेती आहे. नदीवर जुने बंधारे, त्यातून पाट निघतो, खाली जमिनीचे फड पाडलेले. आलेलं पाणी कुठल्या फडाला द्यायचं ते पाटकरी ठरवतो. पाणी नदीचं तेच, बंधारा फुटलेला नाही, पाटही धड आहे, पण पाटकऱ्याने दुसऱ्या फडाकडे तोंड फिरवलं की पीक तिकडचं जोमात. बिघाड म्हटलं तर माणूस बंधारा फुटला असं समजेल.

शब्दवेडी

नाना, मान गये! ‘वळवलेला शर्करा-चयापचय’ जड होतं, पण क्रियापद म्हणून ‘वळवतात’ फक्कड बसतं. मुळात एवढी सगळी नामं एका वाक्यात कोंबली म्हणूनच ते कुणाच्या घशाखाली उतरत नाही. ‘चयापचयातील बिघाडामुळे वाढीस चालना’ यात कोण काय करतंय तेच दिसत नाही. ‘गाठीतल्या पेशी ग्लुकोज बांधकामाकडे वळवतात’ म्हटलं की कर्ता आला, कर्म आलं, आणि चयापचय हा शब्द न वापरताच सांगून झालं.

रावेरचे आबा

‘साखर’ शब्द पत्रकात नकोच. तीन अर्थ आहेत त्याला. डब्यातली ती साखर. ‘त्यांना शुगर आहे’ म्हटलं की मधुमेह. आणि तुम्ही म्हणता ती पेशीतली. ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. आमच्या गल्लीत एकाला गाठ निघाली, तर घरच्यांनी पहिल्या दिवशी चहाची साखर काढली, दुसऱ्या दिवशी केळी. रावेरात राहून केयं खायचं नाही म्हणजे काय हो! पुढे भाकरीही मोजून द्यायला लागले, कुणीतरी सांगितलं की भाकरीचीही साखरच होते. माणूस गाठीने जेवढा खंगला नाही तेवढा ताटामुळे खंगला.

जामनेरवाली

आबा, अगदी असंच. माझ्या सासऱ्यांना पेट स्कॅनला नेलं होतं. उपाशी यायला सांगितलं, बोटातून शुगर तपासली आणि मग सुई टोचताना तिथला मुलगा म्हणाला, ‘साखरेचं इंजेक्शन आहे, घाबरू नका.’ सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. घरी आम्ही साखर तोडलेली आणि इथे पैसे भरून साखर टोचून घेतोय! त्या रात्रभर तेच म्हणत होत्या, गाठीला खाऊ घातला म्हणून. त्या मुलाची चूक नाही, पण शब्द किती जपून वापरावे लागतात बघा.

प्रयोगशाळेतली

ताई, त्यांना सांगा की त्या इंजेक्शनात खाऊ नसतो. ग्लुकोजसारखा दिसणारा रेणू असतो, त्याच्या एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन बसवलेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पहिल्या पायरीवर त्याला फॉस्फेटचा गट चिकटवते, पण पुढची पायरी त्याला चढता येत नाही. बाहेरही पडता येत नाही. तो तिथेच अडकतो. म्हणून यंत्राला ती जागा उजळ दिसते. मात्रा अत्यल्प असते आणि त्या फ्लोरिनची किरणशक्ती साधारण ११० मिनिटांत निम्मी होते. उपाशी यायला सांगतात ते यासाठी की जेवणानंतर इन्सुलिन वाढलं तर स्नायूच तो ओढून घेतात आणि चित्र बिघडतं.

मेंदू आणि मूत्राशयही त्या चित्रात उजळ असतात, मेंदू ग्लुकोजवर चालतो म्हणून आणि मूत्राशयातून औषध बाहेर पडतं म्हणून. क्षयाची गाठही उजळते. उलट प्रोस्टेटच्या कित्येक गाठी फारशा उजळत नाहीत. तेव्हा ‘चमकलं म्हणजे कॅन्सर’ हेही पत्रकात येऊ देऊ नका.

शब्द म्हणून ‘मागोवा घेणारं औषध’ कसं वाटतं? ‘साखरेचं इंजेक्शन’पेक्षा बरं.

शब्दवेडी

‘मागोवा’ चांगला. बोलताना ‘माग काढणारं औषध’ म्हणावं, माग काढणं सगळ्यांना कळतं.

आता ‘ग्लुकोज’. माझ्या मते तोच ठेवावा. ग्लुकोजची बाटली आणि ग्लुकोजचं बिस्कीट गावोगाव पोचलंय, कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. ‘शर्करा’ पाठ्यपुस्तकाबाहेर फक्त ‘रक्तशर्करा’त उरलीय.

रावेरचे आबा

ग्लुकोजची बाटली म्हणजे ताकद, हा अर्थ आहे ना पण! अशक्तपणा आला की लोक स्वतःहून म्हणतात, एक बाटली चढवा. तुम्ही लिहिणार गाठ ग्लुकोज ओढते, आणि दवाखान्यात त्याच रुग्णाला बाटली लावणार. घरचे भांडायला उठतील.

प्रयोगशाळेतली

मग आबांची शंकाच पत्रकात लिहून टाकावी, उत्तरासकट. शरीरात ग्लुकोज फक्त तोंडावाटे येत नाही. आपण दोन दिवस जेवलो नाही तरी रक्तातलं ग्लुकोज शून्यावर जात नाही, यकृत ते सांभाळतं. साठा संपला की स्नायूंची प्रथिनं मोडून नवं बनवतं. म्हणून ताट कमी केलं की गाठीआधी रुग्णाचे स्नायू झिजतात. आणि गाठीने टाकलेलं लॅक्टेट, म्हणजे तेच लॅक्टिक आम्ल, यकृतात जाऊन त्याचं परत ग्लुकोज होतं. या फेऱ्याला ‘कोरी चक्र’ म्हणतात, कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याच्या नावावरून, त्यांना १९४७चं नोबेल मिळालं. इथे कुणी ‘कोरा चहा’ आठवू नका. हा फेरा फुकट होत नाही. गाठीत एका ग्लुकोजमागे २ एटीपी निघतात, यकृताला ते परत बनवायला ६ मोजावे लागतात. खर्च रुग्णाच्या खात्यावर.

शिवाय ग्लुकोज हा एकच माल नाही. ग्लुटामीन हे अमिनो आम्लही या पेशी भरपूर वापरतात. एक बंद केलं की दुसरं.

याचा अर्थ साखर मनसोक्त खा असाही नाही. लठ्ठपणाचा निदान १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली मांडलं. केमोबरोबर स्टेरॉइड देतात तेव्हा रक्तातली शुगर चढते, मधुमेह असलेल्यांना तर हमखास, तेव्हा डॉक्टर गोड कमी करायला सांगतात. पण त्याचं कारण शुगर, गाठ नव्हे. घरचे ही दोन कारणं एकात मिसळतात.

चोपडेकर

पण मग ‘वाढीस चालना’ कशी मिळते, एवढंच का? माल मिळतो म्हणून?

प्रयोगशाळेतली

माल हे एक. दुसरं ते बाहेर टाकलेलं आम्ल. निरोगी ऊतीभोवतीच्या द्रवाचा सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितकं आंबट) ७.४च्या आसपास असतो, गाठीभोवती तो ७च्या खाली उतरू शकतो. अशा आंबट जागेत आपल्या बचावाच्या टी-पेशी मंदावतात. त्यांनाही कामावर यायचं तर ग्लुकोज लागतं, आणि ते आधीच गाठीने ओढलेलं. आम्लामुळे शेजारच्या ऊतीची बांधणीही सैल होते आणि गाठीला पसरायला वाट मिळते. गाठीच्या पोटात, जिथे रक्तवाहिनी पोचत नाही, तिथे ऑक्सिजन खरोखरच कमी असतो. तिथे एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होतं, ग्लुकोज आत घेणारी दारं वाढवतं आणि नव्या रक्तवाहिन्यांनाही आवतण देतं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं, त्यात हे प्रथिन आहे.

आणखी एक टीप, ‘बिघाड’च्या विरोधातली. हीच वळवावळवी आपल्या स्वतःच्या टी-पेशीही करतात, जंतू आला आणि भराभर संख्या वाढवायची झाली की. फरक इतकाच की त्या काम झालं की थांबतात.

शब्दवेडी

एक किचकट मुद्दा माझ्याकडून. वॉरबर्ग परिणामाला मराठीत कुणी ‘ऑक्सिजनयुक्त ग्लुकोज-विघटन’ लिहिलेलं वाचलं. हे फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटेल या विघटनात ऑक्सिजन वापरला जातो. तो फक्त हजर असतो, हात लावत नाही. शालेय ‘ऑक्सिश्वसन’ आणि ‘विनॉक्सिश्वसन’ यांत ऑक्सिजन लागतो की नाही हे सांगितलंय, इथे तो आहे की नाही एवढंच सांगायचंय. ‘ऑक्सिजन असूनही होणारं’ असं ‘असूनही’ घालून लिहा. मराठीतलं हे ‘ही’ अव्यय इथे अख्ख्या परिच्छेदाचं काम करतं.

भुसावळचा

मध्येच घुसतो. कोविडात पाण्यात घालून प्यायची ती पुडी आली होती, टू-डीजी, तीही असली साखरच ना? तिला काय म्हणायचं?

प्रयोगशाळेतली

बरोबर. टू-डीऑक्सी-ग्लुकोज, २०२१च्या मे महिन्यात आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली होती. पण तो रेणू त्याआधी अनेक वर्षं कॅन्सरसाठीच अभ्यासला जात होता. डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठींवर किरणोपचाराबरोबर त्याच्या चाचण्या झाल्या. तोही पहिल्या पायरीवर अडकतो आणि मागच्या खऱ्या ग्लुकोजची वाट अडवतो. अडचण अशी, की मेंदूही ग्लुकोजवरच जगतो, त्यामुळे मात्रा वाढवायला मर्यादा येते. कॅन्सरचं रोजचं औषध म्हणून तो अजून आलेला नाही. मी शिकवताना ‘फसवी साखर’ म्हणते, पत्रकात मात्र त्याचं काम नाही.

चोपडेकर

‘अर्बुद’ राहिलं.

शब्दवेडी

‘गाठ’ लिहा, डोळे मिटून. अर्बुद हा सुश्रुतसंहितेतला जुना शब्द, मला आवडतो, पण तो दहा कोटी या संख्येचाही वाचक आहे आणि अबूचा डोंगरही अर्बुदाचलच. ‘गाठ’ला एकच खबरदारी: ‘साखर’ आणि ‘गाठ’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटू देऊ नका. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधतो आपण, होळीला पोरांच्या गळ्यात घालतो. ‘साखर आणि गाठ’ असा मथळा टाकलात तर हलवायाची जाहिरात होईल. रक्ताच्या कॅन्सरात गाठ नसते, तिथे ‘पेशी’च म्हणा.

चोपडेकर

सगळं जमवून असं लिहिलंय, बघा:

‘शरीरातल्या सगळ्या पेशी रक्तातलं ग्लुकोज वापरतात. निरोगी पेशी त्यातलं बरंचसं जाळून ताकद काढतात. कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा ग्लुकोज जास्त ओढतात आणि ते नव्या पेशी बांधायच्या कामाकडे वळवतात. त्यातून सुटणारं आम्ल गाठीभोवती साचतं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. घरातली साखर बंद केली म्हणून गाठीचं ग्लुकोज बंद होत नाही, कारण यकृत ते रक्तात सोडत राहतं. दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावली तर ती रुग्णासाठी असते, तिला घाबरू नका. गाठीला उपाशी मारण्यासाठी रुग्णाचं जेवण कमी करू नका. मधुमेह असेल तर किती गोड चालेल ते डॉक्टरांना विचारा.’

प्रयोगशाळेतली

‘बऱ्याचदा’ घातलंत ते फार बरं केलंत. ‘गाठीला उपाशी मारण्यासाठी’ मात्र काढा. नकारात लिहिलं तरी माणसाच्या लक्षात ‘उपाशी मारणं’ तेवढंच राहतं. ‘रुग्णाचं जेवण स्वतःच्या मनाने कमी करू नका’ एवढं पुरे.

रावेरचे आबा

आणि केळ्याचं काय लिहिलं?

चोपडेकर

‘शुगर नसेल तर केळं चालतं’ अशी ओळ घालतोय आबा, डॉक्टरांना दाखवून. तुमच्या गल्लीसाठी वेगळ्या वीस प्रती काढतो.